जुन्या पेट्रोल टाक्यांखालची माती आणि विहिरीचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंप बंद होतो, छत उतरतं, नोझल जातात, भूखंडाला पत्रे लागतात. जमिनीखालच्या टाक्या मात्र तशाच राहतात, नाहीतर एखाद्या दुपारी भंगारवाला येऊन घेऊन जातो. मी भूजलाची कामं करतो. सोसायट्या, भूखंड घेणारे आणि शेजारचे विहीरवाले मला फोनवर जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं मुख्यतः आपल्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसॉल्टला, धरून आहेत, कारण महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग त्याच्यावरच बसलेला आहे.

पंप बंद होऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्यात पेट्रोल उडून गेलं असेल ना?

फरशीवर सांडलेलं पेट्रोल बघता बघता उडतं, म्हणून तसं वाटतं. चार मीटर खाली मुरमात मुरलेल्या पेट्रोलला उडायला वाट नसते. वरच्या, हवा खेळत्या थरात जिवाणू ते हळूहळू खातात, हे खरं. पण पाण्याच्या पातळीजवळ प्राणवायू लवकर संपतो आणि ते काम मंदावतं. हलके घटक आधी जातात, जड मागे राहतात. त्यामुळे इतक्या वर्षांनी खड्ड्यातून येणारा वास पंपावरच्या वासासारखा नसतो. जुन्या वार्निशसारखा, कुबट असतो.

पंप २००० सालाआधीचा असेल तर आणखी एक गोष्ट. भारतात शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्याआधीच्या गळतीत शिसं असू शकतं, आणि शिसं ना उडतं ना कुजतं.

थोडंफार गळलं तर काय मोठंसं?

सेकंदाला एक थेंब धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दिवसाला ४.३ लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. महिन्याला १५० किलोलिटर विकणाऱ्या पंपावर ही गळती विक्रीच्या हजारातल्या एका भागाहूनही कमी भरते. उन्हाने फुगणं, रात्री आकसणं, उडणं, डिपरॉड (टाकीतली पातळी मोजायची सळई) वाचताना झालेली चूक, यांतच ती बुडून जाते. रजिस्टर स्वच्छ असतं आणि लिहिणारा खोटंही बोलत नसतो.

आता पाण्याच्या बाजूने बघा. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. भागाकार केला की उत्तर येतं ८ लाख ८० हजार लिटर, दहा हजारी टँकरचे ८८ टँकर. सगळं बेंझिन एकदम विरघळत नाही, त्यामुळे हा हिशेब कागदावरचाच आहे. पण ‘थोडंफार’ या शब्दाची किंमत त्यावरून कळते. बेंझिन माणसात रक्ताचा कर्करोग करतं, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच पक्कं केलेलं आहे.

गळते ती टाकीच ना?

टाकीपेक्षा पाइपांचे सांधे जास्त वेळा दगा देतात. टाकीपासून मशीनपर्यंतच्या जुन्या लोखंडी लाइनी, एल्बो, मशीनच्या पोटातले जोड. दुसरी जागा म्हणजे टँकर रिकामा करतात ते तोंड. डिकँटिंगच्या वेळी दर खेपेला पावशेर-अर्धा लिटर सांडलं तरी वर्षानुवर्षं ते एकाच जागी सांडत असतं. टाकी गळलीच तर अनेकदा डिपच्या पाइपाखाली गळते: डिपरॉडचं टोक रोज त्याच जागी आपटून तळाचा पत्रा झिजतो, वर तळाशी साचलेलं पाणी गंज चढवतं. म्हणून तपासणी नुसत्या टाकीभोवती करून भागत नाही.

पाण्याला काहीच वास नाही. मग निर्धास्त राहू?

नाही. पेट्रोलमधले काही घटक नाकाला फार लवकर कळतात, बेंझिन मात्र उशिरा. पाण्यातल्या बेंझिनचा वास यायला लिटरला साधारण १० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. ताज्या गळतीत बाकीचे घटक चुगली करतात. टाकीपासून लांबच्या विहिरीत, जिथे विरघळलेला भागच पोचलेला असतो, तिथे नाकावर विसंबण्यात अर्थ नाही.

विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग आहे. पेट्रोल असेल का?

काठीने तवंग फोडून बघा. काचेच्या तुकड्यांसारखा तुटून तुकडे वेगळे राहिले, तर तो बहुधा लोहजिवाणूंचा, निरुपद्रवी. फोडल्यावर पुन्हा एकत्र वाहत आला, तर तेल. मग आधी विहिरीवरचं इंजिन बघा, मोटरीचं वंगण बघा. दोनदा असं झालंय की मी उपकरणं घेऊन गेलो आणि गुन्हेगार निघालं काठावरचंच डिझेल इंजिन.

आज सकाळपासून बोअरला पेट्रोलचा उग्र वास येतोय. आत्ता, या क्षणी काय करू?

मोटर चालू असेल तर जवळचं बटण दाबू नका, लांबच्या मेन स्विचवरून बंद करा. विहिरीत कोणालाही उतरवू नका, गाळ बघायलाही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती तळाशी साठते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्क्याला पोचलं की ठिणगी पुरते. तळघर, लिफ्टचा खड्डा, ड्रेनेजचे चेंबर यांत वास येतो का बघा, पण दारातूनच. येत असेल तर आधी अग्निशमन दल, बाकी सगळं नंतर.

हे भीती घालायला लिहीत नाही. २२ एप्रिल १९९२ रोजी मेक्सिकोतल्या ग्वाडालाहारा शहरात गळकं पेट्रोल गटारांत साठलं आणि काही किलोमीटर रस्ते फुटले. दोनशेहून जास्त माणसं गेली. आधीचे काही दिवस लोक वासाची तक्रार करत होते.

टाकी नेमकी कुठे होती हेच कोणाला आठवत नाही. कशी शोधायची?

आधी कागद. पेट्रोल साठवायचा परवाना ज्या नकाशावर मंजूर होतो त्यात टाक्या, लाइनी, व्हेंट पाइप, सगळं मापासकट असतं. हे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरातच आहे. मालकाकडे प्रत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून बघा. नकाशात दोन टाक्या आणि जमिनीत तीन, असंही होतं, कारण जुनी टाकी बाद करून शेजारी नवी बसवली की जुनीची नोंद नव्या नकाशात राहत नाही. म्हणून परवान्याची सगळी नूतनीकरणं मागा, शेवटचंच नको.

मग माणसं. पंपावर वीस वर्षं डिप घेणारा माणूस सापडला तर त्याला चहा पाजून जागेवर आणा. ‘इथे डिझेलची, हिच्याखाली पाणी यायचं,’ असं तो पायाने दाखवतो, आणि ते वाक्य दहा बोअरांइतकं मोलाचं असतं. उपग्रहाची जुनी चित्रंही बघा, छताची आणि टँकर उभा राहायच्या जागेची खूण मिळते.

शेवटी यंत्र. लोखंडी टाकीला चुंबकीय सर्वेक्षण बरं चालतं. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार मुरमावर चालतं, काळ्या मातीत नाही; ती चिकण माती लहरी गिळून टाकते आणि पडद्यावर नुसती धुरकट राख दिसते. तरी रडारवालेच जास्त भेटतात. (एका ठिकाणी मालकांनी पाणाडी आणला होता. नारळ उभा राहिला. खाली जुनी पाण्याची टाकी निघाली, सिमेंटची.)

तपासणी करायची योग्य वेळ कोणती?

टाकी निघते तो दिवस. माझं सगळं म्हणणं या एका उत्तरात आहे, बाकी प्रश्न वाचले नाहीत तरी चालेल.

टाकी उचलल्यावर खड्डा उघडा असतो. भिंती दिसतात, वाळूच्या भरावाचा रंग दिसतो, कुठे काळपट-हिरवट डाग आहे ते डोळ्यांना दिसतं, टाकीच्या पोटावरची भोकं हाताने चाचपता येतात. जेसीबी जागेवर असतोच, मजूर असतात. आठ-दहा नमुने घ्यायला अर्धा दिवस लागतो. हाच खड्डा संध्याकाळी मुरूम टाकून बुजवला, की तीच माहिती काढायला पुढे बोअर, रिग, परवानग्या आणि महिने लागतात, आणि तरीही ती अर्धीच मिळते.

एका शहरातल्या सोसायटीने मला बोलावलं तेव्हा नव्या इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू होतं आणि मजुरांना मळमळत होतं. टाक्या दोन वर्षांपूर्वी निघाल्या होत्या. ज्याने काढल्या त्याच्याकडे ना फोटो, ना टाक्यांची संख्या. खड्ड्यातली माती शेजारच्या सखल भागात भरावाला वापरली होती. एका जागेचा प्रश्न होता, तो दोन जागांचा झाला.

म्हणून टाकी काढायच्या कंत्राटात तीन ओळी घालून घ्या: टाकी उचलताना तपासणारा माणूस हजर असेल, त्याने होकार दिल्याशिवाय खड्डा बुजणार नाही, निघालेली माती प्लास्टिकवर वेगळी ठेवली जाईल. आणि टाकी आतून वाफमुक्त केल्याचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय गॅस कटर जवळ येऊ देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत द्रव नसला तरी वाफ आणि हवा असते.

मातीचे नमुने कुठून आणि कसे घेतात?

प्रत्येक टाकीच्या दोन्ही टोकांखालून, तळाच्या अर्धा-एक मीटर खालची न हललेली माती. लाइनीच्या सांध्यांखाली, प्रत्येक मशीनखाली, डिकँटिंगच्या तोंडाखाली. खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही. जेसीबीच्या बादलीतून माती वर घ्यायची आणि बादलीच्या मधली, पत्र्याला न लागलेली, उचलायची.

जागेवरची चाळणी सोपी आहे. झिपवाल्या पिशवीत अर्धी माती भरा, सावलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग वाफ मोजणाऱ्या हातयंत्राची नळी आत घाला. आकडा मोठा येतो तिथला नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा. आकडा शून्य येतो तिथलाही एखादा, म्हणजे दूषित भागाची हद्द कळते. पावसाळ्यात दमट हवेने हे यंत्र फसतं, हे लक्षात असू द्या. प्रयोगशाळेचा नमुना मात्र पिशवीतला नको. तो वेगळा, लगेच, शक्यतो मिथेनॉल घातलेल्या बाटलीत, आणि बर्फात.

बोअर मारणारी गाडी गावातच आहे. तिच्याकडूनच तपासणीचा बोअर घेऊ का?

आपल्याकडची नेहमीची गाडी हवेच्या दाबाच्या हातोड्याने दगड फोडते. तीच हवा मातीतल्या वाफा उडवून लावते, आणि वर आलेल्या भुकटीत मोजायला काही उरत नाही. तो एक तोटा. दुसरा मोठा: वरच्या मुरमातलं घाण पाणी आणि खालच्या पाषाणातलं चांगलं पाणी यांच्यामध्ये बरेचदा अखंड खडक किंवा गेरूचा लाल थर असतो. शंभर-दोनशे फूट सरळ भोक पाडलं की तो पडदा फाटतो आणि घाण खाली उतरायला शिडी मिळते. दूषित जागेची तपासणी करणाऱ्यानेच खालचं पाणी नासवलं, असं होऊ शकतं.

मुरमापर्यंत हाताचा ऑगर (माती काढायचा गिरमिट) किंवा कोरिंगची मशीन वापरा. खडकात जावंच लागलं तर वरचा भाग केसिंग घालून, बाहेरून बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकण माती) आणि सिमेंटने बंद करून मगच पुढे. आणि आवारात जुना, न वापरलेला बोअर उघडा पडला असेल तर तो पहिल्याच दिवशी शोधा. बहुतेक वेळा शिडी आधीच लावलेली असते.

निरीक्षण विहिरी किती लागतात? एक पुरेल?

पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे कळायला कमीत कमी तीन, त्रिकोणात. तिघींच्या तोंडांची उंची लेव्हलने मोजायची, आतली पाण्याची पातळी मोजायची, आणि उतार काढायचा. जाळीचा पाइप पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे गेलेला हवा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. जाळी पूर्ण पाण्याखाली असेल तर तरंगणारा थर विहिरीत येणारच नाही आणि अहवाल म्हणेल, ‘आढळले नाही’.

वाळूच्या जमिनीत तीन-चार विहिरींत चित्र बरंच पुरं होतं. कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकात शेकडो जुन्या टाक्यांची माहिती तपासली गेली, तेव्हा बेंझिनचा पट्टा बहुतेक ठिकाणी टाकीपासून ७५-८० मीटरच्या आतच थांबलेला दिसला. हा आकडा इथे कोणी तोंडावर फेकला तर ऐकून घ्या, पण मान डोलावू नका. काळ्या पाषाणात पाणी वाळूसारखं सगळीकडून झिरपत नाही. ते सांध्यांतून, फटींतून, दोन थरांच्या मधून, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकाच्या झिजलेल्या भागातून जातं. उताराच्या बाजूची पन्नास मीटरवरची विहीर स्वच्छ आणि तिरप्या बाजूची दोनशे मीटरवरची दूषित, हे इथे शक्य आहे. मध्ये उभी डाइक (खडकात भिंतीसारखी घुसलेली दुसऱ्या खडकाची पट्टी) असेल तर ती कुठे बांध होते, कुठे पन्हळ.

म्हणून आपल्याकडे नव्या निरीक्षण विहिरींइतकंच महत्त्व आजूबाजूच्या जुन्या विहिरींना. पाचशे मीटरच्या परिघात फिरून प्रत्येक विहीर-बोअर नोंदवा: खोली किती, उमाळा कुठल्या बाजूने आहे, उपसा किती, उन्हाळ्यात कुठवर उतरते. जोरात उपसणारी एखादी विहीर पाण्याची दिशाच फिरवते. जुने विहीरवाले ‘पूर्वेचा झरा’ असं सांगतात ना, ती भूगर्भाची माहिती आहे, नोंदवून घ्या.

पावसाळ्यानंतर तपासलं, सगळं स्वच्छ आलं. संपला ना विषय?

अर्धा झाला. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबर यांमध्ये विहिरीची पातळी कित्येक मीटर वर-खाली होते. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा वरचा पेट्रोलचा थरही उतरतो आणि वाटेतल्या मुरमाला माखत जातो. पावसाळ्यात पाणी चढतं, पण माखलेलं सगळं पेट्रोल वर येत नाही. फटींत थेंब थेंब अडकून पाण्याखाली कोंडलं जातं. विहिरीत थर दिसत नाही, वर नव्या पावसाच्या पाण्याने आकडाही पातळ होतो. मे महिन्यात तीच विहीर बघा, थर परत हजर.

उलटही होतं. काही ठिकाणी चढलेलं पाणी टाकीखालच्या माखलेल्या मातीला धुतं आणि नेमका पावसाळ्यातच आकडा उसळतो. त्यामुळे दोन्ही टोकं मोजल्याशिवाय जागा स्वच्छ म्हणू नये: एकदा मे अखेर, एकदा ऑक्टोबरमध्ये, आणि जमलं तर दोन वर्षं.

थर मोजायला पंपवाल्यांची जुनी युक्ती चालते. मापाच्या फितीच्या टोकाला एका बाजूला पेट्रोल पेस्ट, दुसऱ्या बाजूला वॉटर पेस्ट लावून विहिरीत सोडा. दोन पेस्टचे रंग जिथे बदलले त्यातलं अंतर म्हणजे थराची जाडी. विहिरीतला थर खडकातल्यापेक्षा जाड दिसतो, म्हणून त्यावरून किती लिटर पेट्रोल आहे याचा हिशेब मांडू नका.

पाण्याचा नमुना मीच नेऊन दिला तर चालेल?

पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत नेणार असाल तर नको. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मिळतात, त्या काठोकाठ भरायच्या, उलट्या करून बघायच्या, आत बुडबुडा नको. थोडं आम्ल घातलेलं असतं, ते सांडू नये. चार अंशाला थंड ठेवून नमुना चौदा दिवसांच्या आत तपासून व्हायला हवा. विहिरीतून आधी साचलेलं पाणी काढून टाकायचं, पण सबमर्सिबल जोरात सोडून नाही. फेसाळलेल्या पाण्यातून वाफ निघून जाते. सोबत एक कुपी शुद्ध पाण्याची, प्रयोगशाळेतून निघून न उघडता परत गेलेली. तिच्यात पेट्रोल सापडलं तर ते तुमच्या विहिरीचं नाही, गाडीच्या डिकीतलं आहे.

प्रयोगशाळेला ‘पिण्याच्या पाण्याची टेस्ट’ सांगू नका. क्षार, कठीणपणा, जंतू यांचा तक्ता येईल. ‘तेल आणि ग्रीस’ ही तपासणीही पुरत नाही. तिच्या पद्धतीतच नमुना तापवतात आणि हलके घटक आधीच उडतात. नावानिशी मागा: बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलीन, एमटीबीई, नॅप्थॅलीन, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, आणि जुन्या पंपाला शिसं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का एवढंच नव्हे, या घटकांसाठी आहे का ते विचारा. आणि सगळ्यात खालची मोजणी किती, तेही. ज्यांचं यंत्र ५० मायक्रोग्रॅमच्या खाली बघू शकत नाही, त्यांच्या ‘आढळले नाही’ला १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपुढे काही अर्थ नाही. मला असा अहवाल शिक्क्यासकट दाखवलेला आहे.

अहवालातले आकडे कशाशी ताडायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लिटरला मायक्रोग्रॅममध्ये अशा: बेंझिन १०, एथिलबेंझिन ३००, झायलीन ५००, टोल्युइन ७००. अमेरिकेत बेंझिनला ५. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात खनिज तेलाला लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि शिशाला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एकक तपासा, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्यात हजाराचं अंतर आहे आणि टायपिंगमध्ये एका अक्षराचं.

आमच्याकडे डिझेलची टाकी होती, पेट्रोलची नाही.

बेंझिनची चिंता कमी, पण डिझेल जास्त चिकट, जास्त दिवस टिकतं आणि मातीला धरून बसतं. एसटी डेपो, कारखाने, इस्पितळं, मोठी हॉटेलं यांच्या जनरेटरच्या टाक्या या यादीत येतात. जुन्या बॉयलरची फर्नेस ऑइलची टाकी असेल तर ते डांबरासारखं जागीच बसलेलं सापडतं, पसरत कमी.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने काही फरक पडतो का?

पडतो. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं आणि जिवाणूंना ते आवडतं. ते आधी इथेनॉल खातात, प्राणवायू त्यातच संपतो, आणि बेंझिन जास्त लांब जाऊ शकतं. एमटीबीई हा जुना मिसळपदार्थ त्याहून वाईट, पाण्याबरोबर धावतो आणि सहज कुजत नाही. त्याच्यापायी १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या.

कोकणात, गोव्यात हेच लागू आहे?

तिथे जांभा आहे. आत पोकळ्या आणि नळ्या असतात, पाऊस प्रचंड, आणि घराघराला विहीर. गळती लवकर पोचते, लवकर धुतली जाते, आणि जांभ्याच्या खालच्या चिकट मातीवरून सरकत डोंगरउतारावरच्या झऱ्यात निघते. तिथे विहिरींइतकेच झरे तपासा.

तोपर्यंत पाणी उकळून किंवा आरओ लावून प्यावं का?

उकळलंत तर बेंझिन पाण्यातून निघून स्वयंपाकघरात येईल. आरओच्या पडद्यातून हे छोटे रेणू बऱ्यापैकी निसटतात. सक्रिय कोळसा धरून ठेवतो, पण तो केव्हा भरला हे कळायला पुन्हा तपासणी लागते. पिण्याचं पाणी दुसरीकडून घ्या. गरम पाण्याच्या अंघोळीलाही हे वापरू नका, वाफ श्वासात जाते.

तक्रार कुठे करायची? आणि जबाबदार कोण?

इथे गुंता आहे: जमीन एकाची, टाकी दुसऱ्याची, धंदा तिसऱ्याचा, आणि आता भूखंड चौथ्याने घेतलेला. लेखी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, परवाने पाहणाऱ्या नागपूरच्या त्या सुरक्षा संघटनेला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यानुसार संशयित जागा जिल्हा प्रशासन किंवा स्थानिक संस्था कळवते, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर, आणि खर्च दूषित करणाऱ्यावर. म्हणून तक्रारीत ‘या नियमांखाली संशयित स्थळ म्हणून नोंद घ्यावी’ हे वाक्य लिहा.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईच्या अर्जाला कारण घडल्यापासून पाच वर्षांची मुदत असते, इतर पर्यावरणीय वादाला सहा महिन्यांची. वास आला त्या दिवसाची तारीख, म्हणून, कुठेतरी लिहून ठेवा. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये लोकांच्या बोअरमधून इंधन यायला लागलं. तिथे जमिनीखालची तेलवाहिनी गळत होती, टाकी नव्हे, पण सुरुवात रहिवाशांनी बादलीत दाखवलेल्या पाण्यापासूनच झाली आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं.

जुन्या पंपाचा भूखंड घेतोय. व्यवहाराआधी काय बघू?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर हे काही दिसणार नाही. मागा: परवान्याचे सगळे नकाशे, टाक्या काढल्याचे फोटो आणि वाफमुक्तीचं प्रमाणपत्र, खड्ड्याच्या मातीचे अहवाल. यातलं काहीच नसेल तर किंमत ठरण्याआधी तपासणीला दोन महिने मागा, आणि सफाईचा खर्च कोणाकडे हे करारात लिहून घ्या. तळघरात पार्किंग घ्यायचं असेल तर हे दुपटीने लागू, कारण तळघर नेमकं त्याच माखलेल्या थरात उतरतं.

दूषित निघालंच तर साफ कसं करतात?

उथळ आणि थोडी माती असेल तर उचलून. ती भरावाला नाही, तर नियमानुसार घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात. राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. तरंगता थर असेल तर आधी तो वरच्यावर उपसायचा. मुरमात अडकलेलं असेल तर नळ्या घालून वाफ ओढून घेतात, कधी पाण्यात हवा सोडून जिवाणूंना प्राणवायू देतात. हलकी माती पसरून, ओली ठेवून, खत घालून कुजवताही येते, पण त्याला मोकळी जागा आणि महिने लागतात, जे शहरातल्या भूखंडावर दोन्ही नसतात. पाषाणाच्या फटींत गेलेलं पूर्ण काढणं अवघड. तिथे बरेचदा उगम बंद करून, पाण्याचा वापर थांबवून, वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं.

टाकी जागेवरच ठेवून वाळू भरली तर? किंवा धुऊन पावसाचं पाणी साठवायला वापरली तर?

वाळू भरणं कधीकधी करावंच लागतं, वर इमारत किंवा रस्ता असेल तर. पण आधी तिच्या चारही बाजूंनी नमुने, आणि जागा नकाशावर कायमची नोंदवून. पाणी साठवायला मुळीच नाही.

निरीक्षण विहिरी काम झाल्यावर तशाच सोडल्या तर चालतील?

झाकणाला कुलूप लावा, आणि मोजणी संपली की बेंटोनाइट-सिमेंटने भरून बंद करा. एका आवारात आमच्याच विहिरीत वॉचमन गाडीचं जुनं ऑइल ओतत होता. भोक तयारच होतं, म्हणाला.